क्वार्टर सोडताना मागे उरणारे

गेल्या हिवाळ्यात भिलाईत चार दिवस मुक्काम घडला. उतरलो होतो एका जुन्या मित्राच्या वडिलांकडे. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. ऐन तारुण्यात नागपूरहून येऊन ते पोलाद कारखान्यात रुजू झाले, सारी नोकरी रेल मिलमध्ये केली आणि आता हुडको वसाहतीतील स्वतःच्या घरात एकटे राहतात. एकटे म्हणणे मात्र तितकेसे खरे नाही. त्यांच्या व्हरांड्यात गोणपाटाच्या गादीवर तांबूस रंगाचा, तोंडापाशी पांढरा पडलेला एक कुत्रा पहुडलेला असतो. त्याचे नाव चिन्ना. तेलुगूत चिन्ना म्हणजे धाकटा. हा धाकटा आता अकरा वर्षांचा आहे.

चिन्ना काकांकडे आला तेव्हा नऊ वर्षांचा होता. काकांचे एक तेलुगू सहकारी निवृत्त झाले, क्वार्टर सोडून श्रीकाकुलमकडे गावी परतायचे ठरले. गावच्या घरात मुलगा, सून आणि दम्याचा विकार असलेला नातू. कुत्र्याला तेथे जागा नव्हती. दोन महिने त्यांनी ओळखीपाळखीच्या प्रत्येकाला विचारून पाहिले. पिल्लू असते तर दहा घरे पुढे आली असती. नऊ वर्षांच्या कुत्र्यासाठी एकही आले नाही. सल्ले मात्र भरपूर मिळाले. कुणी म्हणाले भाजीबाजारात सोडा, कुणी म्हणाले रुग्णालयापाशी सोडा, तेथे खायला मिळते. सामानाचा ट्रक भरला गेला त्या संध्याकाळी काका निरोप द्यायला म्हणून गेले आणि परतताना हातात साखळी होती.

पहिला आठवडा कठीण गेला. चिन्ना दारापाशी बसून राहायचा, हाक मारली तरी वळून पाहायचा नाही. कान गेले असावेत, असे काकांना वाटले. मग श्रीकाकुलमला फोन झाला आणि उलगडा झाला. या कुत्र्याने जन्मात हिंदी किंवा मराठी शब्द हुकूम म्हणून ऐकलाच नव्हता. ‘रा’ म्हटले की यायचे, ‘कूर्चो’ म्हटले की बसायचे, एवढे त्याला ठाऊक. सहकाऱ्याच्या पत्नीने फोनवर नऊ शब्द सांगितले, काकांनी ते दिनदर्शिकेच्या पाठीवर देवनागरीत उतरवून घेतले. तो कागद अजून त्यांच्या स्वयंपाकघरात टाचलेला आहे. सत्तरीला टेकलेला वऱ्हाडी गृहस्थ रोज सकाळी आपल्या कुत्र्याशी मोडकेतोडके तेलुगू बोलतो, हे दृश्य भिलाईतच दिसू शकते.

मी काकांना विचारले, पिल्लूच का नाही आणले? ते म्हणाले, ‘‘अरे, माझं वय पाहा. पिल्लू आणलं तर ते माझ्या मागे राहील, आणि मग त्याचं कोण करणार? हा माझ्या बरोबरीचा आहे. आमचा हिशेब जुळतो.’’ परतीच्या प्रवासात हे वाक्य माझ्या मनातून जाईना. एका माणसाने आपल्यापुरता सोडवलेला हा हिशेब देशातील लक्षावधी घरांपुढे उभा आहे, आणि आपल्या धोरणांत त्याला कोठेही स्थान नाही, हे लक्षात आल्यावर हा लेख लिहिणे भाग पडले.

भिलाईपासून सुरुवात करू. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात या कारखान्याचा करार झाला. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिली झोतभट्टी सुरू झाली. दुर्गजवळच्या भातशेतीच्या प्रदेशात देशाच्या सर्व कोपऱ्यांतून माणसे आली. आंध्र, केरळ, बंगाल, पंजाब, ओडिशा, बिहार आणि अर्थातच महाराष्ट्र. एके काळी हा दुर्ग जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतातच होता, त्यामुळे मराठी माणसाला तो परका नव्हता. या सर्वांसाठी सेक्टर आखले गेले, झाडे लावली गेली, शाळा, रुग्णालय, मैत्रीबाग उभी राहिली. प्रत्येक क्वार्टरपुढे थोडी मोकळी जागा होती. पेरूचे झाड, मोगऱ्याचा वेल आणि कुत्रा यांना पुरेशी.

पण क्वार्टर नोकरीबरोबर मिळते आणि नोकरीबरोबर जाते. काहींना पुढे ती घरे दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर मिळाली, काहींनी शहरात स्वतःची घरे बांधली. उरलेल्यांना साठाव्या वर्षी सामान आवरावे लागते. कुणी गावी परततो, कुणी रायपूरच्या सदनिकेत जातो, कुणी मुलाकडे पुण्याला नाही तर बंगळुरूला. भिलाईची मुले शिकण्यात हुशार. अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांत या गावाने वर्षानुवर्षे नाव कमावले आहे. साहजिकच ती बाहेर पडतात आणि बहुधा परत येत नाहीत.

येथेच एक साधे अंकगणित आड येते. धाकटे मूल शिकायला बाहेर जाते तेव्हा आईवडील पन्नाशीच्या पुढे असतात. घर अचानक शांत होते. त्या शांततेत कुणीतरी पिल्लू आणून देते, पुष्कळदा ती बाहेरगावी गेलेली मुलेच. माणूस बावन्न वर्षांचा असताना घरी आलेले पिल्लू तो साठ वर्षांचा होतो तेव्हा आठ वर्षांचे असते. मोठ्या चणीच्या जातींत सहा-सात वर्षे म्हणजे उतारवयाची सुरुवात. लॅब्राडॉर किंवा जर्मन शेफर्ड आठव्या वर्षी वार्धक्याच्या उंबरठ्यावर असतो. लहान चणीची कुत्री आणखी दोन-तीन वर्षे तग धरतात. म्हणजे मालकाची निवृत्ती आणि कुत्र्याचे म्हातारपण एकाच वर्षी दाराशी येतात. क्वार्टरची मुदत संपते, त्याच सुमारास कुत्र्याचे सांधे कुरकुरू लागतात. भिलाईत हे ठळक दिसते, कारण येथे निवृत्तीची तारीख आणि घर सोडण्याची तारीख जोडलेली आहे. बोकारो, राउरकेला, कोळसाखाणींच्या वसाहती, रेल्वेच्या कॉलनी, छावण्या या सर्व ठिकाणी हेच घडते.

मग कुत्र्याला बरोबर का नेत नाहीत? हा प्रश्न विचारणाऱ्याने एकदा रेल्वेचे नियम वाचावेत. वातानुकूलित द्वितीय, तृतीय श्रेणी आणि शयनयान डब्यांत कुत्रा नेता येत नाही. तो न्यायचा तर वातानुकूलित प्रथम श्रेणीचा किंवा प्रथम श्रेणीचा संपूर्ण कूपे अथवा केबिन स्वतःच्या नावे हवी. नाहीतर गार्डच्या डब्यातील कुत्र्यांसाठीची पेटी. भिलाईहून केरळ म्हणजे दीड-दोन दिवसांचा प्रवास. दहा वर्षांच्या, संधिवात झालेल्या, अंधाराला आणि आवाजाला बिचकणाऱ्या प्राण्याला त्या पेटीत मे महिन्यात कोण बसवील? येथील उन्हाळ्यात पारा ४४ अंशांच्या पुढे सहज जातो. ज्या गावात देशाच्या रेल्वेचे रूळ घडतात, त्या गावातील निवृत्त कामगाराला आपला कुत्रा रेल्वेने घरी नेता येत नाही. यात कुणाचा दुष्टपणा नाही. असा प्रवासी कधी असेल, हे नियम करताना कुणाच्या ध्यानात आले नाही, इतकेच.

म्हणून कुत्रा मागे राहतो. काही कुटुंबे शेजाऱ्याला सांगून, महिन्याचे पैसे ठरवून जातात. काही कुटुंबे रात्री निघतात. सेक्टरातील एका रस्त्यावर काकांनी मला कुलूप लागलेले एक क्वार्टर दाखवले. त्याच्या फाटकापाशी कित्येक आठवडे एक पामेरियन जातीची कुत्री बसून असायची. आसपासच्या घरांतून तिला पोळी मिळत होती, पण ती फाटक सोडून जाईना. रस्त्यावरच जन्मलेल्या कुत्र्याला रस्त्याचे व्याकरण येते; कोणत्या गल्लीत शिरायचे, कोणत्या वाहनाला भ्यायचे, कोणापुढे शेपूट घालायचे हे तो आईकडून शिकतो. घरात वाढलेल्या कुत्र्याला यातले काहीच येत नाही. उतारवयात त्याला ते शिकताही येत नाही. ती कुत्री पुढे कोठे गेली, ते कुणालाच सांगता आले नाही.

कायदा याबद्दल काय म्हणतो? प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याच्या कलम ११ नुसार, उपासमार किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत प्राण्याला वाजवी कारणाविना सोडून देणे हा गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याची शिक्षा दहा ते पन्नास रुपये दंड. १९६० साली पन्नास रुपयांना किंमत होती. आज तेवढ्यात कुत्र्याच्या खाद्याचे छोटे पाकीटही धड येत नाही. दंड वाढवणाऱ्या सुधारणेचा मसुदा नोव्हेंबर २०२२ मध्ये जनतेच्या सूचनांसाठी खुला करण्यात आला होता. २०१७ चे श्वान प्रजनन व विक्रीचे नियम पाहा. आठ आठवड्यांपेक्षा लहान पिल्लू विकू नये, असे ते सांगतात. पिल्लाचे वय आठवड्यांत मोजणारी आपली व्यवस्था म्हाताऱ्या कुत्र्याची वर्षे मोजायला विसरली आहे. विक्रीच्या टोकाला थोडेफार नियम आहेत, आयुष्याच्या दुसऱ्या टोकाला काहीच नाही.

न्यायालयांत गेले वर्षभर कुत्र्यांवर जितकी चर्चा झाली तितकी क्वचितच कधी झाली असेल. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींच्या पीठाने दिल्ली परिसरातील भटकी कुत्री उचलून निवारागृहांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलला. निर्बीजीकरण आणि लसीकरण झालेली कुत्री, रेबीजग्रस्त किंवा आक्रमक नसतील तर, जेथून उचलली तेथेच सोडावीत, असे ठरले आणि प्रकरणाची व्याप्ती देशभर वाढवली गेली. ७ नोव्हेंबरच्या आदेशाने शाळा, रुग्णालये, क्रीडासंकुले, बसस्थानके आणि रेल्वेस्थानके यांच्या आवारांतील कुत्री हटवून ती पुन्हा तेथे न सोडण्यास सांगितले. प्रश्न खरा आहे. सरकारी आकडेवारीनुसार २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना नोंदल्या गेल्या. ज्याच्या लेकराला कुत्र्याने फाडले, त्याला भूतदयेची प्रवचने ऐकवण्याचा अधिकार कुणालाही नाही.

परंतु २२ ऑगस्टच्या आदेशातील एका परिच्छेदाकडे जवळजवळ सर्वांचे दुर्लक्ष झाले. प्राणिप्रेमींना रस्त्यावरील कुत्रा दत्तक घेण्यासाठी महापालिकेकडे अर्ज करता येईल, त्या कुत्र्याला ओळखखूण लावून तो त्यांच्या स्वाधीन केला जाईल, आणि तो पुन्हा रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी दत्तक घेणाऱ्याची राहील, असे न्यायालयाने म्हटले. हे चांगलेच आहे. मात्र जो कुत्रा काल एका घरात होता आणि आज रस्त्यावर आहे, त्याला रस्त्यावर येऊ न देण्याची जबाबदारी कुणाची? रस्त्यावरून घरात जाण्याची वाट न्यायालयाने आखून दिली. एका घरातून दुसऱ्या घरात जाण्याची वाट कुणीच आखलेली नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली. त्यांतील किती कधी काळी कुणाच्या व्हरांड्यात झोपत होती, हे त्या आकड्यातून कळत नाही. निर्बीजीकरण न केलेले पाळीव कुत्रे रस्त्यावर आले की त्या आकड्यात भरच पडते. तेव्हा पाळीव कुत्र्यांचे पुनर्वसन हा भटक्या कुत्र्यांच्या प्रश्नाचाच एक भाग आहे.

या बाबतीत गणवेशातील कुत्र्यांची कहाणी उद्बोधक आहे. व्हिएतनाम युद्धात अमेरिकेने हजारो कुत्री वापरली आणि माघार घेताना त्यांतील बहुसंख्य मागेच टाकली. सरकारदरबारी ती जादा साहित्य होती. निवृत्त लष्करी कुत्री दत्तक देण्याची मुभा देणारा कायदा तेथे २०००च्या नोव्हेंबरमध्ये झाला. तो रॉबी नावाच्या कुत्र्यामुळे ओळखला जातो. रॉबीला घरी नेण्यासाठी त्याचा हाताळक धडपडत होता, पण कायद्याचा लाभ खुद्द रॉबीला मिळाला नाही. आपल्याकडे २०१५ मध्ये माहिती अधिकारातील एका उत्तरातून उघड झाले की, सेवेस निरुपयोगी झालेल्या लष्करी कुत्र्यांना वेदनारहित मरण दिले जाते. देशभर हळहळ व्यक्त झाली, प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेले आणि सरकारने धोरण बदलले. २०२४ मध्ये मेरू नावाच्या नऊ वर्षांच्या लष्करी कुत्र्याचे छायाचित्र सर्वदूर पोहोचले. निवृत्तीनंतर मेरठला जाताना तो प्रथम श्रेणीच्या वातानुकूलित डब्यात झोपलेला होता. नऊ वर्षांच्या अंतरात दृष्टी किती बदलू शकते, याचा तो पुरावा होता.

मुंबईकर वाचकांना मॅक्स, सुलतान, टायगर आणि सीझर ही नावे आठवत असतील. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्याच्या वेळी स्फोटके हुडकणारे हे मुंबई पोलिसांचे चार कुत्रे. निवृत्तीनंतर ते विरारजवळच्या एका शेतघरात एका प्राणिप्रेमी स्त्रीच्या देखरेखीखाली राहिले. मोकळे अंगण, वेळेवर औषध, एकमेकांची संगत. २०१६ या एकाच वर्षात चौघेही एकामागून एक गेले. सीझर सर्वांत शेवटी, ऑक्टोबरमध्ये. त्यांना म्हातारपण मिळाले, कारण कुणीतरी ते द्यायचे ठरवले होते. केरळ पोलिसांनी २०१९ मध्ये त्रिशूरच्या पोलीस अकादमीत निवृत्त कुत्र्यांसाठी ‘विश्रांती’ नावाचे निवासस्थान सुरू केले. त्याच वर्षी दिल्ली मेट्रोच्या सुरक्षेतील सात कुत्र्यांना केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाने पदक आणि प्रमाणपत्र देऊन निरोप दिला आणि एका प्राणिसेवी संस्थेच्या हवाली केले. भिलाईच्या कारखान्याचे रक्षण हेच दल करते.

सरकारी कुत्र्यांची व्यवस्था होऊ शकली, कारण त्यांच्या निवृत्तीची तारीख आधीच ठाऊक असते आणि कोणीतरी एक कार्यालय त्याला उत्तरदायी असते. खासगी घरातील कुत्र्याला या दोन्ही गोष्टी नसतात. पण भिलाईसारख्या वसाहतीत पहिली गोष्ट आहे. कोणता कर्मचारी कोणत्या महिन्यात निवृत्त होणार, हे अनेक वर्षे आधी माहीत असते. निवृत्तीपूर्वी त्याच्याकडून विजेची, पाण्याची, ग्रंथालयाची, पतसंस्थेची ना-हरकत घेतली जाते. त्या कागदांत एक ओळ वाढवायला काय हरकत आहे? घरात पाळीव प्राणी आहे काय, असल्यास त्याचे वय किती, तो बरोबर जाणार की त्याला घर शोधायचे आहे? घर सोडण्याआधी सहा महिने ही माहिती मिळाली तर नऊ वर्षांच्या कुत्र्यालाही घर मिळू शकते. सामानाचा ट्रक दारात उभा असताना मिळत नाही.

अडचण दुसऱ्या गोष्टीची आहे. हे जुळे शहर चार महापालिकांत विभागलेले आहे: भिलाई, दुर्ग, रिसाली आणि भिलाई-चरोदा. वसाहतीची देखभाल कारखान्याचा नगरसेवा विभाग करतो. एखादा कुत्रा सेक्टरमधून निघून रस्ता ओलांडतो तेव्हा तो एका कार्यालयाच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो, आणि जबाबदारी वाटेत गळून पडते. दुसऱ्या बाजूला, या शहराजवळ जे आहे ते फार थोड्या शहरांकडे आहे. दुर्गला राज्याचे कामधेनू विद्यापीठ आहे, अंजोऱ्याला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. माणसांच्या महाविद्यालयात जसा वार्धक्यशास्त्राचा बाह्यरुग्ण विभाग असतो, तसा आठवड्यातून एक दिवस म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी ठेवला तर विद्यार्थ्यांना शिकायला मिळेल आणि दत्तक घेऊ इच्छिणाऱ्याला विश्वासार्ह तपासणीपत्र मिळेल.

हे तपासणीपत्र महत्त्वाचे आहे, कारण म्हातारा कुत्रा न घेण्यामागे निष्ठुरपणापेक्षा भीती अधिक असते. आजारपण किती असेल, खर्च किती येईल, दोन वर्षांत मरेल आणि आपण रडत बसू. यांपैकी काही भीती खरी आहे. दात, मूत्रपिंडे, सांधे तपासावे लागतात. गोचिडांमुळे येणारा ताप आपल्याकडे सर्रास आढळतो, त्यासाठी रक्त तपासणे बरे. रेबीजची लस द्यावी लागते. पण काही भीती निराधार आहे. डोळ्यांतील निळसर झाक पाहून लोक मोतीबिंदू म्हणतात आणि मागे हटतात. पुष्कळदा ते केवळ वयाचे लक्षण असते आणि कुत्र्याला बऱ्यापैकी दिसत असते. म्हाताऱ्या कुत्र्याचे काही फायदेही आहेत, ते कुणी सांगत नाही. पिल्लू वाढून कसे निघेल हे ठाऊक नसते. मोठ्या कुत्र्याचा स्वभाव पहिल्या भेटीतच बराचसा कळतो. त्याला घरात घाण न करण्याची सवय असते. तो चपला कुरतडत नाही. त्याला तासभर धावायचे नसते, संथपणे एक फेरी पुरते. साठी-सत्तरीच्या माणसाला याहून योग्य सोबती कोणता?

मात्र एक पथ्य पाळावे लागते. घाई करायची नाही. पहिले काही दिवस तो खात नाही, कोपरा धरतो. काही आठवड्यांत घराचे वेळापत्रक शिकतो. घर आपले आहे हे मनोमन पटायला महिने लागतात. जुने अंथरूण, जुने भांडे बरोबर आणावे. जुन्या घराचे शब्द लिहून घ्यावेत. चिन्नाच्या बाबतीत नऊ शब्दांचा तो कागद कोणत्याही औषधापेक्षा अधिक उपयोगी पडला. कोणत्याही दत्तकपत्रात असा एक रकाना असायला हवा: या प्राण्याला कोणती भाषा कळते?

आता आक्षेप. ज्या देशात म्हाताऱ्या माणसांचीच धड व्यवस्था नाही, तेथे म्हाताऱ्या कुत्र्यांसाठी रकाने आणि बाह्यरुग्ण विभाग मागणे ही चैन नाही काय? हा आक्षेप मी हलक्यात घेत नाही. परंतु ही दोन दुःखे परस्परांची स्पर्धक नाहीत. कुत्रा सोडून देणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच म्हातारा असतो. मुलाच्या घरात त्यालाच एक खोली वाटून मिळालेली असते. तेथे कुत्र्यासाठी शब्द टाकण्याची त्याची प्राज्ञा नसते. शस्त्रक्रियेसाठी महिनाभर रुग्णालयात राहायचे तर कुत्रा कुणाकडे ठेवू, या चिंतेने शस्त्रक्रिया पुढे ढकलणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेला मी ओळखतो. कुत्र्याची सोय लावणे म्हणजे तिच्या उपचाराची वाट मोकळी करणे. शिवाय गृहनिर्माण संस्था आहेतच. पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवले आहे, तरी नोटिसा लागतच राहतात. महाप्रस्थानाच्या कथेत कुत्र्याला सोडून रथात बसायला युधिष्ठिराने नकार दिला आणि इंद्राला माघार घ्यावी लागली. आजच्या सोसायटीच्या सचिवापुढे इंद्राइतकीही लवचीकता अपेक्षित धरता येत नाही.

आणखी एका कारणासाठी हा विषय आजच हाती घ्यायला हवा. २०२० आणि २०२१ च्या टाळेबंदीत शहरांतून असंख्य घरांनी पिल्ले आणली. तेव्हा घरून काम होते, वेळ होता, एकटेपणही होते. ती पिल्ले आता पाच-सहा वर्षांची आहेत. येत्या तीन-चार वर्षांत ती एकदमच उतारवयाला लागतील आणि त्यांचे मालक दरम्यान कार्यालयांत परतलेले, घरे बदललेले, काही परदेशी गेलेले असतील. भिलाईत जे आज क्वार्टर रिकामे होताना दिसते, ते उद्या पुण्यात, नागपुरात, हैदराबादेत भाड्याच्या सदनिका रिकाम्या होताना दिसेल. तेव्हा निवारागृहांची संख्या मोजत बसण्यापेक्षा आजच महापालिकांनी पाळीव कुत्र्यांची नोंदणी गंभीरपणे घ्यावी, नोंदणीत वय लिहावे आणि मालक बदलण्याचा अर्ज मालमत्ता हस्तांतरणाच्या अर्जाइतकाच सोपा करावा. रेल्वेने एखाद्या श्रेणीत, स्वतंत्र डब्याच्या एका भागात का होईना, वृद्ध प्रवाशाला त्याचा लसीकरण झालेला कुत्रा नेण्याची सोय करून पाहावी. यांपैकी कशालाही मोठा निधी लागत नाही.

निवारागृह हे म्हाताऱ्या कुत्र्यासाठी शेवटचे उत्तर असावे. चांगल्यात चांगल्या निवाऱ्यातही भुंकण्याचा गोंगाट असतो, संसर्ग असतो, तरुण कुत्र्यांची धसमुसळ असते. त्याला हवा असतो एक कोपरा, ठरलेली वेळ आणि ओळखीचा एक आवाज. हे घरच देऊ शकते. संत नामदेवांची कथा महाराष्ट्रात लहानपणीच कानी पडते: पोळी घेऊन पळालेल्या कुत्र्यामागे ते तुपाची वाटी घेऊन धावले, कोरडी पोळी त्याच्या घशाखाली उतरेल कशी म्हणून. त्या कथेत कुत्रा कुणाचा होता, हे कुणी विचारलेले नाही.

निघण्याच्या दिवशी सकाळी काकांबरोबर फेरीला गेलो. चिन्ना मागच्या पायाने किंचित लंगडत होता. काका त्याच्या गतीने चालत होते, आणि मला वाटते, तीच त्यांचीही गती होती. औषधपाणी आणि खाणे मिळून महिन्याला दोन-अडीच हजार रुपये खर्च येतो, असे त्यांनी विचारल्यावरून सांगितले. निवृत्तिवेतनाच्या मानाने तो थोडा नाही. चौकापाशी एक ओळखीचे गृहस्थ भेटले. पुढच्या मार्चमध्ये निवृत्त होत होते, क्वार्टर सोडून मुलाकडे जाणार होते. बोलता बोलता त्यांनी खाली वाकून चिन्नाच्या कानामागे खाजवले आणि सहज विचारल्यासारखे विचारले, ‘‘आमची राणी सात वर्षांची आहे. तुमच्या ओळखीत कुणी आहे काय?’’

काकांनी खिशातून छोटी वही काढली आणि नाव लिहून घेतले. त्या पानावर आधीच चार नावे होती.